बूड न कापल्यालं लिंबू

आवं अप्पा,

तुमी गेल्यापासनं धा म्हैनं झालं. एक अक्षर लिवलं न्हाई तुमाला. गेल्याल्या मानसाला कोन पत्र लिवतं, आसं वाटायचं. आज लिवाय बसले, कारन दुसऱ्या कुनाला सांगायचं धाडस न्हाई. सातवीत शाळा सुटल्यापासनं सामानाच्या यादीपल्याड काय लिवल्यालं न्हाई, तवा हसू नगा.  भ्याले मी अप्पा. लय भ्याले.

उद्या आपल्या साताऱ्याचा वाढदिवस. महाराजांनी हे शहर वसवलं तो दिवस. अवंदा तर नुस्ता थाट हाय! किल्ल्याला दिवं लावल्यात, राजवाड्यासमोर मांडव पडलाय, शाळंतली पोरं फेटं बांधून लेझीम घोकत्यात, कंदी पेढंवाल्यांनी दुकानाला तोरनं बांधल्यात. आन सकाळी धा वाजता, समद्या गावासमोर, तुमची नात, माजी श्रावणी, दांडपट्ट्यानं लिंबू कापनार हाय.

लिंबू माज्या तळहातावर आसनार हाय.

ह्याच हातावर, अप्पा.

आजच का लिवती, तर आज सकाळी तुमचा पट्टा माळ्यावरनं खाली काढला. वाढदिवसाच्या समितीच्या सरांनी मागितलाय. उद्या मांडवात शहरातल्या जुन्या वस्तू मांडनार हायत, त्यात वस्तादांचा पट्टा पायजेच म्हनले. मी शिडीवर, खाली आई शिडी धरून. गोधडीच्या फडक्यात गुंडाळल्याला, वरनं सुतळी. सोडला तर पात्याला तेल तसंच, जनू काल लावलंय. आन मुठीत, जितं हात आत जातो तितं, कागदाची एक पुडी. पुडीत लिंबाच्या दोन फोडी. वाळून काळ्याकुट्ट, खडा झाल्याल्या.

आई म्हनाली, "दिष्ट काढल्यालं आसंल गं कवातरी. हात नगं लावू, टाक भाईर."

टाकनारच हुते. पर सहज फोडी जुळवून बघितल्या. लिंबाचं बूड बघितलं. बूड शाबूत हुतं, अप्पा! कापल्यालंच न्हवतं.

मी शिडीवरच बसले. आई खालनं वरडाय लागली, "आगं मंगे, भोवळ आली का काय?"

तुमाला म्हाईत हुतं तर! वीस वर्सं म्हाईत हुतं!

मी धा वर्साची हुते तवा. शहराच्या वाढदिवसाला मांडव न्हाई, माईक न्हाई. सकाळी तुमी मला आंघूळ घालून, बोट धरून गावभर फिरवायचा. हा जुना हौद, हितं डोंगरातनं खापराच्या नळानं पानी यायचं. हा दरवाजा, हितनं हत्ती जायचा. मला हत्ती कळायचा, बाकी काय कळायचं न्हाई. मंग तालमीच्या उंबऱ्यावर तांब्याभर पानी वतायचा आन म्हनायचा, "गाव जुनं झालं की त्याला पानी दाखवाय लागतं." कुनी शिकवलं हुतं तुमाला हे? कवा इचारलंच न्हाई मी.

मंग नारळ फुटायचा, हलगी वाजायची, आन शेवटी तुमचं लिंबू. पार कोरेगावाकडनं लोकं त्येवढ्यासाठी यायची. लिंबू मी धरायची. हात जमिनीवर, तळवा आभाळाकडं, भाकरीगत पसरल्याला, अंगठा लांब. तुमी म्हनायचा, "मंगे, तू नुस्ती जमीन हो. जमीन हलती का?" न्हाई हलायची मी. तीन वर्सं न्हाई हलले.

लिंबू निवडायचं काम माजंच. निवडायचं, आन विळीवर त्याच्या बुडाची पातळ चकती उडवायची. म्हंजे ते हातावर बसतं, गडगडत न्हाई. येवढंच तर काम! पर त्या वर्सी इतकं देखनं लिंबू घावलं, पिवळंधमक, एक डाग न्हाई, की त्याला विळी लावू वाटंना. वाटलं, आख्खं किती शोभंल! लेकराची अक्कल ती. तसंच ठिवलं हातावर.

तुमी पट्टा फिरवत आलासा. त्यो सूं सूं आवाज अजून कानात हाय. हलगी थांबली. आन लिंबू हललं. अंगठ्याकडं गडगडाय लागलं. पडलं तर लोकं माज्या अप्पाला हसतील, आसं वाटलं. म्हनून अंगठ्यानं आडवलं.

भ्याले न्हवते मी तवा, अप्पा. लिंबू वाचवाय गेले.

रगत किती आलं ते आठवत न्हाई. तुमचा आवाज आठवतोय. "हात चुकला माजा." समद्यांसमोर. दोनदा म्हनलासा. मंग मला उचलून दवाखान्याकडं पळालासा, पायात पायतान न्हाई. पर पळायच्या आदी वाकलासा, खाली पडल्याल्या फोडी उचलल्यासा, खिशात टाकल्यासा. हे काय करत्यात, आसं तवा वाटलं हुतं. आज कळलं.

चार टाकं पडलं. अंगठा अजून नीट मिटत न्हाई. माजी भाकरी एका कडंला जाड ऱ्हाती. सासू तिकडं कवठे महांकाळला आयाबायांना सांगायची, "सातारची भाकरी हाय ही, घाटागत एका अंगानं चढती!"

त्या दिसापासनं तुमी पट्टा हातात धरला न्हाई. वाढदिवसाचं लिंबूच बंद पडलं गावातलं. एकदा पानपट्टीवर एक जन म्हनला, "वस्ताद, लिंबू ऱ्हाऊ द्या आता, घरी कांदा चिरा." तुमी हसलासा. "चिरतोय की. घरी इचार." मी शेजारी हुते. पट्टी बांधल्याला हात तुमच्या हातात. तवा बोलाय पायजे हुतं, न्हाई बोलले. तोंडात चिक्की हुती, तीच चघळत ऱ्हायले.

आईनं तर म्हैनाभर अबोला धरला. "सोताच्या पोरीचा हात कापला ह्या मानसानं," आसं शेजारनींला सांगायची. तुमी वट्यावर बसून ऐकायचा. मी आत भांडी घासत ऐकायची.

का न्हाई बोललासा वो? एकदा तरी म्हनायचं, "मंगे, बूड का न्हाई कापलंस?" मी रडून मोकळी झाले आसते! तुमी गप, म्हनून मला वाटलं तुमाला म्हाईतच न्हाई. दर वर्सी ठरवायची, अवंदा सांगीन. लगीन हून कवठे महांकाळला गेले, वाटलं आता जाताना सांगीन. श्रावणी झाली, वाटलं आता सांगीन. श्रावणीच्या बापाची लष्करात लांब बदली झाली, तवा पोरीला घिऊन तुमच्याकडंच ऱ्हायला आले. दोन वर्सं रोज समोर बसून च्या पिला. न्हाई सांगितलं. दवाखान्यात शेवटाला तुमी माजा अंगठा चोळत बसला हुतासा. बोलता येत न्हवतं तुमाला. मला तर येत हुतं न्हवं?

परवा समितीचे सर घरी आले. उद्या तुमच्या फोटोला हार घालून सत्कार हाय. काय बोलनार ते त्यांनी वाचून दाखवलं. चांगलं लिवलंय वो. शहराचा वारसा, जुनी तालीम, समदं. आन मधीच एक ओळ, "आयुष्यात त्यांचा हात एकदाच चुकला, आणि त्यांनी पट्टा कायमचा खाली ठेवला."

सर म्हनले, "बरोबर आहे ना, ताई?"

आई पदरानं डोळं पुसत हुती. मी म्हनलं, "बरोबर हाय."

बरोबर हाय म्हनलं मी, अप्पा!

थोडा राग तुमचाबी हाय मला. मला जमीन केलंसा आन नातीच्या हातात पट्टा दिलासा! घरामागं वेताची काठी दिऊन शिकवायचा तिला. सोता काय धरायचं न्हाई, नुस्तं खाटंवर बसून, "कोपर आत. पाय हलका. लिंबाकडं बघू नगं, लिंबाखालचा हात बघ." एकदा इचारलं मी, मला का न्हाई शिकवलंसा? तुमी म्हनलासा, "तवा मला अक्कल न्हवती." आन पोरीला म्हनलासा, "चल, परत." एवढ्यावर मिटवलंसा!

तुमी गेल्यावर धनाजीदादानं तिला तालमीत घेतलं. तुमचाच चेला, तुमच्यागतच कमी बोलनारा. अकरा वर्साची पोरगी, पर पाटावर ठिवल्याली लिंबं अशी उडवती की बघत ऱ्हावं. समितीनं इचारलं, बंद पडल्यालं लिंबू अवंदा परत चालू करायचं का? धनाजीदादा व्हय म्हनला. पर तालमीत नियम तुमचाच. पट्टेकऱ्याचं पयलं लिंबू घरच्याच मानसाच्या हातावर. परक्याच्या हातावर घाव घालायचा न्हाई. आता घरचं कोन हाय? आईचा हात म्हातारपनानं लटलट कापतोय. पोरीचा बाप तिकडं बर्फात. ऱ्हायले मी.

काल सराव झाला. पट्टा न्हाई, नुस्ती काठी. मी हात पसरून बसले. काठी वर गेली की माजा हात मागं! तीनदा. तालमीतल्या पोरी तोंडाला ओढनी लावून हसाय लागल्या.

"आगं आये, काठी हाय ती, इंचू न्हाई!" श्रावणी वैतागली.

धनाजीदादानं मला बाजूला बोलावलं. "ताई, जमत नसंल तर सांग. पाटावर ठिवू लिंबू. कोन काय म्हनत न्हाई."

पोरीनं ऐकलंच. "पाटावर? आजोबांचं लिंबू कवा पाटावर हुतं?"

सांजच्याला पोरीच्या बापाचा फोन आला. सांगितलं तर हसले. "मी हितं बंदूक घिऊन हुबा आन माजी बायकू लिंबाला भिती व्हय?" मी हसले न्हाई.  तसं ते म्हनले, "मंगल, नगं वाटत आसंल तर नगं करू गं." तवा तर जास्तच भ्या वाटलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाल्याला मी कवा ऐकला न्हवता.

 आज दूध दोनदा उतू गेलं. भाजी चिरताना विळीकडं बघवंना. अंगठा ठनकतोय, वीस वर्सांनी! हात पसरून ठिवून बघती चटईवर, मोजती एक, दोन, तीन, आन पाल चुकचुकली तरी हात मुठीत जातोय. आसा हात घिऊन जमीन कशी व्हायची वो?

पर अप्पा, सकाळी त्या काळ्या फोडी हातात घेतल्यापासनं दुसरंच भ्या बसलंय. अंगठ्याचं न्हाई. अंगठ्याला टाकं पडतील, वाळतील. मी उद्या हलले, आन रगत बघून ती म्हनली, "आये, माजा हात चुकला," तर? तुमची नात हाय ती. तुमच्यागतच म्हनंल. दोनदा म्हनंल. पट्टा माळ्यावर टाकंल आन जलमभर मला एक शब्द बोलनार न्हाई. तुमी मोठं हुतासा, तुमी वाहिलंसा. अकरा वर्साच्या पोरीनं ते कुठं ठिवायचं?

हितवर लिवलं आन श्रावणी तालमीतनं आली. घामाघूम. दप्तरागत तालमीतला पट्टा खाकेत मारल्याला. आली ती थेट फोडींपाशी.

"आये, हे काय? सुपारी?"

कसं सुचलं म्हाईत न्हाई, सांगून टाकलं. देखन्या लिंबापासनं समदं. हातातलं पेन तसंच. आई सैपाकघरात च्या गाळत हुती. गाळनी वर धरून तशीच हुबी ऱ्हायली, च्या कपाभाईर सांडाय लागला.

श्रावणीनं माजा अंगठा धरला. टाक्यांचा वन उलटा सुलटा करून बघितला. "म्हंजे आजोबा चुकलंच न्हवतं?"

"न्हाई."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई."

तिनं दोन्ही फोडी जुळवून बूड बघितलं.  मला वाटलं आता चिडंल, रडंल, उद्याचं नगं म्हनंल. पोरगी उठली, हात धुतलं आन म्हनली, "मंग उद्याच्या लिंबाचं बूड मी कापती. तुजा काय भरवसा न्हाई."

आई तिकडं तुमच्या फोटोसमोर गेली. मला वाटलं पाया पडती. कुठलं! कमरंवर हात ठिवून हुबी. "म्हैनाभर बोलले न्हाई मी तुमाला. म्हैनाभर! शेजारनींला काय काय सांगितलं. सांगाय काय झालं हुतं वो?" आन मंग फोटोवरची धूळ पदरानं पुसाय लागली. धूळ न्हवतीच, सकाळीच पुसली हुती.

भ्या गेलं न्हाई, अप्पा. खोटं कशाला सांगू?  पर सकाळचं भ्या येकटीचं हुतं, आत्ताचं घरात तिघींनी वाटून घेतलंय.

सासूनं बांधावरच्या झाडाची लिंबं कवठ्याहून यष्टीनं पाठवल्यात, नातीसाठी. त्यातलं एक निवडून ठिवलंय. देखनं न्हाई. एका अंगाला डाग हाय, आकारबी जरा येडावाकडा. पर बूड मीच कापनार. पोरीला सांगितलं, बाकीचं समदं तुजं, हे काम माजं.

आता ऐका, शब्द देती तुमाला. उद्या मांडवात गेल्या गेल्या सरांना ती ओळ खोडाय लावीन. ते काय लिवू म्हनले तर सांगीन, त्यांचा हात कवाच चुकला न्हाई, लिंबू धरनारी चुकली. ह्या दोन फोडी तुमच्या पट्ट्याशेजारी मांडाय देईन, लोकं इचारतील तितं हुबी ऱ्हाऊन सांगीन. पानपट्टीवरचा त्यो मानूस जित्ता आसला तर त्यालाबी सांगीन. तालमीच्या उंबऱ्यावर तुमच्यागत तांब्याभर पानी वतीन.

आन मंग हात पसरीन. डोळं मिटनार न्हाई. लिंबाकडं न्हाई, पोरीच्या तोंडाकडं बघीन. हलनार न्हाई, अप्पा. आन हललेच, रगत आलंच, तर तिनं तोंड उघडायच्या आदी मीच वरडीन, समद्या साताऱ्याला ऐकू जाईल आसं, "मी हलले!" तुमचं ते बोलनं तिच्या तोंडात येऊ देनार न्हाई.

तुमची लिंबू धरनारी,
मंगी